पुढं काच पायजे

माझ्यासमोर आलेला माणूस एकच गोष्ट करतो : बटण दाबतो. आवाज आला की दाबायचं, नाही आला तर दाबायचं नाही. सत्तावीस वर्षं मी काचेच्या अलीकडे बसून लोकांना बटण दाबताना बघतो आहे. दिवसाला सरासरी सात माणसं, वर्षाचे कामाचे दिवस दोनशे ऐंशी. गुणाकार केला तर आकडा बावन्न हजारांच्या पुढे जातो. पुन्हा पुन्हा येणारे वजा केले तरी चाळीस हजारांना मरण नाही. एवढ्या माणसांनी माझ्यासमोर बसून काहीही न बोलता बटण दाबलेलं आहे. नाशकात इतक्या लोकांशी इतकं कमी बोललेला दुसरा माणूस असेल असं मला वाटत नाही.

मी कान तपासतो. कपाटापेक्षा जरा मोठी, आतून जाड गालिचा ठोकलेली, बाहेरचा आवाज न शिरणारी एक खोली असते. तिला एक काच. आत माणूस हेडफोन लावून बसतो, बाहेर मी यंत्रापुढे. मी बोटाने एक पट्टी दाबली की त्याच्या कानात बारीक सूर वाजतो. ऐकू आला तर पुढचा सूर दहा डेसिबलने हळू करायचा. नाही आला तर पाचने मोठा. दहा खाली, पाच वर, असं करत करत त्या माणसाच्या ऐकण्याचा काठ शोधायचा. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. शेवटी कागदावर दोन रेघा तयार होतात, तो आलेख. या दहा आणि पाचवर माझं घर उभं आहे.

त्या खोलीत बसवलं की माणसाचं वय कळतं. जन्मतारखेवरून नव्हे, तो बघतो कोणाकडे त्यावरून.

दीड वर्षाचं पोर आईच्या मांडीवर असतं. मागे खुळखुळा वाजला की ते आवाजाकडे वळतं आणि लगेच आईच्या तोंडाकडे बघतं. आवाज त्याने कानाने ऐकलेला असतो, पण भ्यायचं की हसायचं हे आईच्या चेहऱ्यावर वाचायचं असतं. पाच-सहा वर्षांचं मूल मात्र माझ्याकडे बघतं. त्याला बटण देत नाही, खुंटी आणि रंगीत चकत्या देतो. आवाज आला की एक चकती खुंटीत टाकायची. ही मुलं आवाज नसतानाही चकती टाकतात, कारण त्यांना मला खूश करायचं असतं. परक्या माणसाची शाबासकी मिळते हा शोध त्या वयात नुकताच लागलेला असतो. म्हणून आम्ही शाबासकी जपून वापरतो, नाहीतर बहिरं मूलसुद्धा अख्खी खुंटी भरून देतं.

पंधराव्या वर्षी कोणाकडेच बघत नाहीत. एका मुलीची आई तक्रार घेऊन आली होती, की कानाचं मशीन दप्तरात पडून असतं, पोरगी लावतच नाही. मी मुलीला विचारलं, का गं? ती जमिनीकडे बघत म्हणाली, "लावलं की सगळ्यांना दिसतं. नाही लावलं तर फक्त मला ऐकू येत नाही." या हिशेबात मला आजपर्यंत चूक सापडलेली नाही.

पन्नाशीचे पुरुष बायकोकडे बघतात. यातले बरेच अंबडच्या कारखान्यांत आयुष्य काढलेले असतात. ते बटण उशिरा दाबतात, पूर्ण खात्री झाल्याशिवाय नाहीच. "मला काही झालेलं नाही, हिच्या समाधानासाठी आलोय," असं एकाने आत जाता जाता सांगितलं. बाहेर बाकावर बसलेली त्याची बायको म्हणाली, "तीस वर्षांत माझं समाधान झालं नाही, आता निदान कान तरी तपासून घ्या."

आणि म्हातारी माणसं पुन्हा माझ्याकडे बघू लागतात, सहा वर्षांच्या मुलासारखी. बरोबर केलं ना, असं विचारणारी तीच नजर. फरक एवढाच, की मुलाला शाबासकी हवी असते आणि म्हाताऱ्याला नापास व्हायचं नसतं. घरी असताना ही माणसं सगळ्याला 'हो' म्हणतात. 'परत सांग' एकदा म्हणता येतं, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा सांगणाऱ्याच्या आवाजाला धार येते, आणि ती धार बहिऱ्यालाही कळते. 'नाही' म्हटलं तर पुढे प्रश्न येतो. 'हो' म्हटलं की सुटका.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही भोयेबाबांच्या बाबतीत मी चुकलो, म्हणून हे लिहितो आहे.

भोयेबाबा हरसूलकडचे. नोकरीत घाटातल्या मुक्कामाच्या गाड्या चालवलेले बसचे ड्रायव्हर. निवृत्तीनंतर पाथर्डी फाट्याला मुलगा-सुनेकडे राहत. सत्तरी ओलांडलेली, अंगाने सडपातळ, हात मात्र अजून स्टिअरिंग धरल्यासारखे. त्यांना घेऊन सून आली होती, सुमन. दोघं नवरा-बायको कामावर जाणारी.

"साहेब, बाबांचं काहीतरी बिघडलंय," ती म्हणाली. "मी विचारते, गोळी घेतली का? ते सांगतात, गाडी पाचला सुटते. मागच्या आठवड्यात म्हटलं, आज कुठे जाऊ नका, गॅसवाला येणार आहे. हो म्हणाले, आणि बाजाराला म्हणून हरसूलला निघून गेले. रात्री आले ते नागलीचं पीठ घेऊन. डॉक्टर म्हणाले, डोक्याचं औषध सुरू करण्याआधी कान तपासून आणा."

म्हणजे प्रश्न सरळ होता. ऐकू येत नसेल तर दोष कानाचा. ऐकू येत असेल तर दोष डोक्याचा. ठरवायचं मी.

आमच्याकडे नियम आहे, की आतल्या माणसाची खुर्ची काचेकडे आडवी असावी, त्याला आमचा हात दिसता कामा नये. भोयेबाबा आत गेले, खुर्चीत बसले आणि उठले.

"तोंड भिंतीकडं? नाय जमायचं. पुढं काच पायजे."

"बाबा, पाच-दहा मिनिटांचंच काम आहे."

"ड्रायव्हर माणूस हाय मी. काचंबिगर जीव घाबरा हुतो."

मला हसू आलं. त्या दिवशी बाहेर नऊ माणसं बसली होती. मी खुर्ची काचेकडे वळवून दिली. भोयेबाबा खूश झाले, हेडफोन लावले, बटण हातात घेतलं आणि समोर माझ्याकडे बघत बसले.

त्यांनी उत्तम बटण दाबलं. अगदी तत्पर. मधूनच एखादा सूर सुटायचा, तेवढंच. शब्दांच्या चाचणीतही मी म्हटलेले पंचवीसपैकी बावीस शब्द बरोबर आले. आलेख वयाच्या मानाने चांगला निघाला. मी कागदावर लिहिलं, 'ऐकण्याची क्षमता वयानुरूप, समाधानकारक', सही केली आणि म्हटलं, "कान ठीक आहेत." सुमनचा चेहरा पडला. मी पुढचं नाव पुकारलं.

आकडे फार चांगले आले की त्यांच्यावर संशय घ्यावा, एवढी अक्कल मला असायला हवी होती. इंजिनाच्या घरघरीत आयुष्य गेलेल्या माणसाचे कान इतके शाबूत राहत नाहीत. पण आकडे चांगले आले की आपल्याला बरं वाटतं, आणि बाहेर नऊ माणसं होती.

नऊ महिने गेले.

या नऊ महिन्यांत माझ्या घरातही आकडे कमी होत होते, हे ओघात सांगतो. बायको कळवणला शाळेत शिक्षिका आहे. बदली झाल्यापासून शनिवारी संध्याकाळी येते, सोमवारी पहाटे जाते. मुलगी लग्न होऊन गेली. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आठवड्याचे पाच दिवस मी एकटा. दिवसभर शांत खोलीपुढे काम करून शांत घरात जायचं. एका मंगळवारी गंमत म्हणून मी माझी वाक्यं मोजली. कामावरून निघाल्यापासून झोपेपर्यंत अकरा. त्यातली चार वॉचमनशी, दोन दूधवाल्याशी, पाच बायकोशी फोनवर. पाचांपैकी तीन 'हो' होते. ती शाळेतलं काही सांगत होती. काय, ते आज सांगता यायचं नाही.

तर नऊ महिन्यांनी सुमन पुन्हा आली, पण स्वतःच्या मुलीला घेऊन. मुलगी सहा वर्षांची, ईश्वरी. वर्गात लक्ष नसतं अशी बाईंची तक्रार. सोबत भोयेबाबा. ओळखू येऊ नयेत इतके ते उतरले होते.

"यांना घरी एकटं सोडता येत नाही ना," सुमन म्हणाली. त्यांच्यासमोरच म्हणाली, पंख्याविषयी बोलावं तसं.

ईश्वरीला आत आडवं बसवलं, खुंटी-चकत्या दिल्या. भोयेबाबा बाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर. मी सूर द्यायला सुरुवात केली. पोरगी मन लावून चकत्या टाकत होती. चार-पाच सुरांनंतर माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. भोयेबाबांचा अंगठा. मी पट्टी दाबली की ते गुडघ्यावर अंगठा टेकवत होते. प्रत्येक वेळी, अगदी तत्पर.

आवाज मुलीच्या हेडफोनमध्ये होता. बाहेर त्याचा लवलेश नव्हता.

मी सूर पूर्ण बंद करून नुसतीच पट्टी दाबली. अंगठा टेकला. मग सूर परत चालू केला आणि डावा हात आडोशाला धरून पट्टी दाबली. आत चकती पडली, अंगठा जागचा हलला नाही. असं मी सहा वेळा केलं. सहाही वेळा तेच. सातव्यांदा करायची गरज नव्हती, पण केलं, कारण ते खोटं निघावं असं मला फार वाटत होतं.

ईश्वरी बाहेर आली ती तक्रार करतच. "आजोबा पण खेळत होते. त्यांना कुठे चकत्या दिल्या होत्या?" तिच्या कानात मळ होता, बाकी काही नव्हतं.

मी भोयेबाबांसमोर जाऊन बसलो. तोंड त्यांच्याकडे करून सावकाश विचारलं, "बाबा, मागच्या वेळी तुम्हाला आवाज ऐकू येत होता, की माझा हात दिसत होता?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. हे मी नऊ महिन्यांपूर्वीच बघायला हवं होतं.

"हात," ते म्हणाले. त्यात लपवाछपवी नव्हती. "गाडीत घंटीचा एक टोला म्हंजे थांब, दोन म्हंजे चल. पण विंजनापुढं घंटी कुठली ऐकू येती? आरशात कंडक्टरचा हात बघायचा. हात दोरीला गेला का गाडी हालवायची. शेवटची धा-बारा वर्सं असंच. तुमी म्हनले, आवाज झाला का दाब. तुमचा हात हालला का आवाज झाला असंल, म्हून दाबलं."

"मला सांगितलं का नाही?"

"तपासनीत नापास म्हंजे गाडी गेली, सायेब. सवय हाय ती."

मी त्यांना आत नेऊन भिंतीकडे तोंड असलेली खुर्ची दाखवली. त्यांनी मान हलवली. "भिंतीकडं तोंड करून गाडी चालत नाय."

"आज गाडी उभीच ठेवायची आहे," मी म्हटलं.

तपासणी केली. या वेळी शब्द म्हणताना तोंडापुढे कागद धरला. पंचवीसपैकी सात. आलेख डावीकडून चाळीस डेसिबलला सुरू झाला आणि घाट उतरावा तसा उजवीकडे ऐंशीपर्यंत गेला; आमच्या आलेखात आकडा वाढतो तसं ऐकणं खाली जातं. अशा कानांना बोलण्याचा नुसता गलका ऐकू येतो, अक्षरं येत नाहीत. गोळी म्हटलेलं गाडी वाटतं.

सुमन दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत राहिली. मी म्हटलं, "चूक माझी आहे. खुर्ची फिरवायला नको होती. त्यांच्या डोक्याला काही झालेलं दिसत नाही. त्यांना ऐकू येत नाही."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती हळू बोलली, त्यामुळे जास्त लागलं.

"नऊ महिने आम्ही बाहेरून कडी लावून जातोय, साहेब. डबा आत ठेवते आणि कडी लावते. सुरुवातीला दार वाजवायचे. शेजारच्या मावशी सांगायच्या, हात सुजेपर्यंत वाजवतात. मला वाटायचं, डोक्याचंच आहे. मग वाजवायचे बंद झाले. मला वाटलं, औषध लागू पडलं." पहिल्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, "तुम्ही लिहून दिलं होतं, ऐकू येतं म्हणून."

"हो," मी म्हटलं. "मी लिहून दिलं होतं."

नव्या कागदावर मी एक ओळ जास्त लिहिली : 'मागील तपासणी सदोष. दोष तपासणाऱ्याचा.' तो कागद घेऊन डॉक्टरांना पुन्हा भेटा, म्हणून सांगितलं. सत्तावीस वर्षांत अशी ओळ पहिल्यांदा लिहिली. घरी जाऊन हिशेब केला. आठवड्याचे सहा दिवस धरले तर दोनशे चौतीस दिवस. दिवसाचे नऊ तास म्हटले तर दोन हजार एकशे सहा तास एक माणूस दाराआड होता, कारण मी एक खुर्ची अर्धा फूट फिरवली. बाकीचे सगळे आलेख काढून पुन्हा तपासावेत असं त्या रात्री वाटलं. चाळीस हजार माणसं पुन्हा कुठून आणणार?

डॉक्टरांनी डोक्याचं औषध हळूहळू बंद केलं. भोयेबाबांना मशीन बसवलं. असा प्रसंग लोकांना डोळ्यांत पाणी येण्याचा वाटतो. प्रत्यक्षात ते म्हणाले, "पंखा लय कुरकुरतो तुमचा."

महिन्याने मशीन साफ करायला म्हणून सुमनबरोबर आले. मी विचारलं, कसं चाललंय?

"मशीन ब्येस हाय. पन घरात कोन बोलत नाय."

सुमन खाली बघू लागली. नऊ महिन्यांत त्या घराने भोयेबाबांशी बोलणं सोडून दिलं होतं. वाईटपणाने नव्हे. सांगून उपयोग नाही म्हणून एक वाक्य कमी, मग दुसरं. डबा, कपडे, अंघोळ, सगळं खुणांवर आलं होतं. मशीन लावलं त्या दिवशी कान परत आले, वाक्यं आली नाहीत. हे काही कुठल्या आलेखावर येत नाही.

"आणि कडी?" मी विचारलं.

"लावते अजून," ती म्हणाली. "कळतंय मला, साहेब. पण हात आपोआप जातो. भीती वाटते, पुन्हा कुठे गेले तर?"

मला सुचलं ते माझ्याच कामातलं सुचलं. एका कागदावर लिहून दिलं : रोज दहा वाक्यं. समोर बसून, टीव्ही बंद करून. जेवलात का, हे वाक्य धरायचं नाही. नाही कळलं तर बाबांनी 'परत सांग' म्हणायचं, आणि सांगणाऱ्याने आवाज न चढवता परत सांगायचं. ईश्वरीला मोजायला बसवा, तिला आवडेल. सुमन म्हणाली, "औषधासारखंच लिहून दिलं की तुम्ही." भोयेबाबांनी कागद घेतला, घडी करून वरच्या खिशात ठेवला. पूर्वी तिथे परवाना असायचा म्हणे.

दुसऱ्या महिन्यात सुमन एकटीच मशीनच्या बॅटऱ्या न्यायला आली. म्हणाली, "सातपर्यंत जातो. आठव्याला काय बोलायचं ते सुचत नाही." मी म्हटलं, सध्या सातही पुरे, हळूहळू चढवा. कडीबद्दल तिने काही सांगितलं नाही आणि माझा विचारायचा धीर झाला नाही.

मागच्या पंधरवड्यात एका दुपारी दारात भोयेबाबा उभे. मी त्यांच्या मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"एकटेच?"

"सिटी बसनं. दोनदा बदलली." खुर्चीत बसले. "सून आता घरात किल्ली ठिवून जाती. ईश्वरीनं दाराला कागद चिकटवलाय. कुठं जातोय ते लिवून जायाचं. लिवून आलो : कानवाले सायेब."

मशीनमध्ये साफ करण्यासारखं काही नव्हतं. मी तरी साफ केलं. ते घाटातल्या वळणांविषयी बोलत होते. मी चहा मागवला. वाक्यं मोजली नाहीत.

उठले, चपला घातल्या, दाराकडे चालू लागले. पाठ माझ्याकडे. टेबलावर चहाबरोबर आलेला पाण्याचा स्टीलचा पेला होता. कशी बुद्धी झाली कोण जाणे, मी पेन उचलून पेल्यावर दोनदा वाजवलं. टण, टण. फार मोठ्याने नाही.

भोयेबाबांनी मागे न बघता उजवा हात वर केला, आणि गेले.

पुन्हा येतील असं नाही. हरसूलला पुतण्याकडे चार महिने राहायचं म्हणत होते. आमच्याकडे ज्याचं नीट चालतं तो येत नाही. त्यामुळे बरी झालेली माणसं आम्हाला कधी दिसत नाहीत.

त्या संध्याकाळी साडेआठला बायकोचा फोन आला. ती विचारते, आज काय विशेष? मी म्हणतो, काही नाही. गेली तीन वर्षं हेच. त्या दिवशी मी सांगायला लागलो. खुर्ची, अंगठा, कडी, दोन्ही आलेख, सगळं. माझी चूकही पहिल्यांदाच सांगितली. बोलता बोलता लक्षात आलं, की ती मधूनमधून 'हो' म्हणते आहे. दोन सुरांमध्ये सारखं अंतर पडावं तसे ठरावीक वेळाने येणारे 'हो'. हा 'हो' मला ओळखता येतो. मीच इतकी वर्षं तिला दिलेला तो. मी सांगून संपवलं आणि गप्प राहिलो. अशा वेळी घाई करायची नसते, उत्तराची वाट बघायची असते.

मग ती म्हणाली, "परत सांगा ना. शेवटचं. तुम्ही पेला वाजवला, मग त्यांनी वळून बघितलं?"

"नाही," मी म्हटलं. "वळावं लागलंच नाही त्यांना."